पहिला फ्लाय रॉड : नऊ फूट, पाच नंबर

फ्लाय फिशिंगच्या दुकानात पहिल्यांदा शिरलेला माणूस भिंतीशी मांडलेल्या रॉडांपुढे गोंधळून उभा राहतो. एका रॉडची किंमत दीडशे डॉलर, शेजारच्याची हजाराच्या वर. दोन्ही नऊ फुटी, दोन्हींवर पाच हा आकडा, दोन्ही कार्बनचे, दोन्हींचे चार तुकडे होतात. मग वरचे साडेआठशे डॉलर नेमके कशाचे? अमेरिकेत, कॅनडात किंवा न्यूझीलंडमध्ये स्थायिक झालेल्या आणि घराजवळ ट्राउटची नदी आहे म्हणून या छंदाकडे वळलेल्या मराठी माणसाला हा प्रश्न पडतो. हिमाचलात, काश्मिरात ट्राउटसाठी जाऊ लागलेल्या पुण्या-मुंबईच्या तरुणांनाही तो पडतो. माझं उत्तर आधीच सांगून टाकतो : पहिला रॉड स्वस्तातलाच घ्यावा. पण स्वस्तात चुकीचा रॉड मिळणंही फार सोपं आहे. चुकीच्या रॉडवर शिकायला लागलेला माणूस दोन-चार वेळा नदीवर जातो, खांदा दुखवून घेतो आणि हे आपल्याला जमणारं नाही असं ठरवून मोकळा होतो. रॉडचं काम काय, हे नीट कळलं तर हे टळतं.

आपल्याकडे खाडीकाठी मासे गरवणारा माणूस गरीच्या दोराला शिसं बांधतो. शिसं जड असतं, ते भिरकावलं की दोर त्याच्यामागे ओढला जातो. साध्या स्पिनिंग रॉडचंही तेच : आमिषाचं वजन पुढे जातं आणि नायलॉनचा बारीक दोरा त्याच्यामागून सुटत जातो. फ्लाय फिशिंगमध्ये हे सगळं उलटं आहे. इथलं आमिष म्हणजे गळाभोवती पिसं, केस आणि दोरा गुंडाळून केलेली खोटी माशी. तिलाच फ्लाय म्हणतात. पाण्यावर उतरलेल्या किड्याचं सोंग घेणारी ही वस्तू इतकी हलकी असते की हाताने कितीही जोरात फेकली तरी ती चार पावलांवर पडेल. म्हणून वजन दोरातच घातलेलं असतं. फ्लाय लाईन जाडसर असते, तिच्यावर प्लास्टिकचं आवरण असतं, आणि फेकायची असते ती लाईन. फ्लाय तिच्या टोकाला लागून जाते. आसुडाचा दोर हवेत उलगडतो तशी ही लाईन रॉडच्या शेंड्यापासून वळसा घेत उलगडत जाते. आधी मागे एक फेक, मग लाईन पाठीमागे सरळ होईपर्यंत थांबणं, मग पुढे फेक. या तिन्हींतलं मधलं थांबणं सगळ्यांत अवघड, आणि नवशिक्याला जमत नाही ते नेमकं तेच.

रॉड इथे दोन कामं करतो. एक तर तो लांब तरफ असतो : मनगट आणि कोपराच्या छोट्याशा हालचालीने नऊ फुटांवरचं टोक मोठं अंतर कापतं. दुसरं, तो स्प्रिंग असतो. लाईनच्या वजनाने तो वाकतो आणि हात थांबला की सरळ होताना ती ताकद लाईनला परत देतो. म्हणून रॉड आणि लाईन यांची जोडी जुळावी लागते. ताठ रॉडवर हलकी लाईन चढवली तर रॉड वाकतच नाही, मऊ रॉडवर जड लाईन चढवली तर तो कोलमडतो.

रॉडवरचा आकडा या जोडीचाच आकडा आहे. पूर्वी रेशमी लाईन वापरत, तेव्हा तिची जाडी इंग्रजी अक्षरांनी सांगितली जाई आणि तेवढ्याने भागत असे, कारण सगळं रेशीम वजनाला सारखंच. नायलॉन आणि प्लास्टिकच्या लाईन आल्यावर हा हिशोब मोडला. जाडी तीच, वजन मात्र वेगळं. तेव्हा १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या मासेमारी-साहित्य उत्पादकांच्या संघटनेने जाडी सोडून वजनाचे नंबर ठरवले. लाईनच्या पुढच्या ३० फुटांचं वजन ग्रेन या जुन्या इंग्रजी मापात मोजायचं आणि त्यावरून नंबर द्यायचा. ३ नंबरची लाईन १०० ग्रेन, ५ नंबरची १४०, ६ नंबरची १६०, ८ नंबरची २१०. ग्रॅममध्ये सांगायचं तर ५ नंबरच्या लाईनचे पहिले ३० फूट साधारण ९ ग्रॅम भरतात. रॉडवर ५ लिहिलेलं असतं याचा अर्थ एवढाच की ९ ग्रॅमची लाईन हवेत खेळवायला हा रॉड बनवलेला आहे. माशाच्या वजनाशी या आकड्याचा थेट संबंध नाही, तरी पुष्कळ लोक तसाच अर्थ लावून मोठ्या नंबरचा रॉड घेतात आणि पहिल्याच तासात दमून जातात.

नवशिक्याला नऊ फुटी ५ नंबरच का सुचवतात? ५ नंबरची लाईन थोड्याफार वाऱ्यातही पुढे जाते, आणि तरीही पाण्यावर इतकी अलगद उतरते की मासा बुजत नाही. छोटी तरंगती फ्लाय तिच्यावर चालते आणि पाण्याखाली बुडणारी, मणी लावलेली थोडी जड फ्लायही चालते. नऊ फूट लांबीमुळे मागच्या फेकीत लाईन गवताच्या वर राहते आणि फेकल्यावर वाहत्या पाण्यातली लाईन उचलून हवी तशी फिरवता येते. शिकताना या दोन्हींची गरज जास्त असते. घराजवळचं पाणी झाडीत दडलेला अरुंद ओढा असेल तर साडेसात-आठ फुटी, ३ किंवा ४ नंबरचा रॉड बरा. तळ्यात बास मासे धरायचे असतील तर ६ नंबर. पण पहिलाच रॉड असेल आणि कुठे कुठे जाणार हे अजून ठरलेलं नसेल, तर मधला ५ नंबर घ्यावा.

आपल्या देशात ट्राउट मुळात नव्हता. १९०० च्या सुमारास त्याची अंडी ब्रिटनमधून काश्मिरात आणून रुजवली गेली, पुढे दहा वर्षांच्या आत कुलू खोऱ्यातही ब्राउन ट्राउट आला, आणि निलगिरीच्या थंड पाण्यात रेनबो ट्राउट वाढवला गेला. हिमाचलातल्या तीर्थन, बरोटजवळची उहल, किन्नौरातली बस्पा, काश्मिरातली लिद्दर या नद्यांवर ५ नंबरचा रॉड अगदी योग्य आहे. तिथे राज्याच्या मत्स्य विभागाचा परवाना घ्यावा लागतो, आणि हिमाचलात नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे चार महिने ट्राउट धरायला बंदी असते. रॉड घेण्याआधी हेही पाहून घ्यावं.

महाशीरसाठी मात्र ५ नंबर पुरत नाही. हा मासा जड, पाण्याचा वेग जास्त, आणि फ्लायही मोठ्या लागतात. तिथे ८ किंवा ९ नंबर हवा. दख्खनचा महाशीर तर पुण्याचाच म्हणावा लागेल : कर्नल विल्यम हेन्री साइक्स यांनी १८३९ मध्ये त्याचं शास्त्रीय वर्णन केलं ते पुण्याजवळच्या मुळा-मुठेतल्या माशांवरून. पुढे १९७० च्या दशकापासून लोणावळ्याला टाटा पॉवरच्या केंद्रात त्याची पिल्लं वाढवली जाऊ लागली. आज त्याच्या मागे जाणाऱ्याने मासा धरून पाण्यातच सोडून द्यावा, आणि देहू-आळंदीसारख्या किंवा महाडजवळच्या वाळणकोंडीसारख्या ठिकाणी, जिथे लोकांनी श्रद्धेने मासे राखले आहेत, तिथे रॉड काढूच नये असं माझं स्पष्ट मत आहे. कोकणच्या खाडीत जिताड्यासाठी फ्लाय टाकायची असेल तरीही ८ नंबरच लागेल, शिवाय खाऱ्या पाण्याला टिकणारं रीळ. तो दुसरा रॉड. पहिल्याच रॉडकडून ट्राउट, महाशीर आणि जिताडा या तिघांची अपेक्षा ठेवली तर तो एकाही कामाचा राहत नाही.

आता ताठपणाकडे येऊ. दुकानदार याला ॲक्शन म्हणतात. ज्या रॉडचा फक्त शेंडा वाकतो आणि खालचा भाग ताठ राहतो तो फास्ट, जो मुठीपर्यंत वाकतो तो स्लो, आणि मधला मीडियम. फास्ट रॉडने लांब फेक जाते, वारा कापता येतो. म्हणून जाहिराती त्याच्याच. पण त्याला हाताची वेळ अचूक लागते. मीडियम किंवा मीडियम-फास्ट रॉड वाकताना हाताला जाणवतो. लाईन मागे सरळ झाली की मुठीत हलकी ओढ लागते, आणि आता पुढे फेकायचं हे शरीराला आपोआप कळतं. वर मी ज्या थांबण्याबद्दल बोललो ते हा रॉड शिकवतो. शिवाय बहुतेक ट्राउट ३० ते ४० फुटांच्या आतच सापडतात. तेवढ्या अंतरावर फास्ट रॉडला वाकायलाही वाव नसतो. नव्या माणसाला दुकानदार सर्वांत ताठ रॉड दाखवू लागला तर नम्रपणे नको म्हणावं.

आकड्यावर डोळे मिटून भरवसा ठेवू नये, याचंही कारण आहे. पाच नंबर म्हणून विकले जाणारे पुष्कळ फास्ट रॉड प्रत्यक्षात सहा नंबरच्या जवळ जाणारे असतात. बिल हॅनेमन या अमेरिकी रॉडप्रेमीने हे तपासायची एक साधी युक्ती काढली. रॉड आडवा घट्ट बांधायचा, शेंड्याला छोटी पिशवी लावायची आणि रॉडच्या लांबीच्या एक तृतीयांश इतका शेंडा खाली येईपर्यंत त्या पिशवीत अमेरिकी सेंटची नाणी टाकत जायची. प्रत्येक नाणं अडीच ग्रॅमचं असल्याने किती नाणी लागली यावरून रॉडची खरी ताकद कळते. या पद्धतीला कॉमन सेंट्स म्हणतात. दुकानात कोणी हे करू देणार नाही, पण दोन रॉड शेजारी शेजारी घेऊन शेंडे जमिनीला टेकवून हलकेच दाबून पाहायला कोणाची ना नसते. फरक लगेच हाताला कळतो. लाईन कंपन्यांनीही यावर आपला मार्ग काढला आहे : बाजारातल्या अनेक ५ नंबरच्या लाईन मुद्दाम अर्धा नंबर जड केलेल्या असतात, म्हणजे ताठ रॉडही वाकेल. खोक्यावर पहिल्या ३० फुटांचं वजन ग्रेनमध्ये छापलेलं असतं, ते वाचावं.

स्वस्त रॉड आज चांगला का मिळतो, हे कळायला थोडं मागे जावं लागेल. १४९६ मध्ये इंग्लंडमध्ये छापलेल्या मासेमारीवरच्या जुन्या पुस्तिकेत रॉड घरीच कसा करायचा हे दिलेलं आहे. हेझल, विलो अशा झाडांच्या काठ्या तापवून सरळ करायच्या आणि घोड्याच्या केसांची लाईन वळायची. एकोणिसाव्या शतकात बांबू आला. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या ईस्टनच्या सॅम्युएल फिलिपी या बंदूक-कारागिराने १८४० च्या दशकात बांबूच्या पट्ट्या चिकटवून रॉड केले, आणि मेन राज्यातल्या हायरम लेनर्डने सहा पट्ट्यांचा रॉड यंत्राच्या मदतीने बाजारात आणला. त्या काळी हा बांबू भारतातून जाई आणि त्याला कलकत्ता केन म्हणत. पुढे दक्षिण चीनमधला टोंकिन बांबू त्याहून सरस ठरला आणि आपला बांबू मागे पडला. बांबूचा रॉड एकेक पट्टी रंध्याने तासून होतो, त्यामुळे आजही तो महागच आहे.

१९४० च्या दशकात काचतंतूंचे रॉड आले. १९५० च्या अखेरीस अमेरिकेने चिनी मालावर बंदी घातली, टोंकिन बांबू मिळेनासा झाला, आणि फायबरग्लासला मोकळं मैदान मिळालं. सामान्य माणसाच्या हातात फ्लाय रॉड खऱ्या अर्थाने तेव्हा आला. १९६० च्या दशकात इंग्लंडमध्ये फार्नबरोच्या विमान संशोधन केंद्रात बळकट कार्बन तंतू बनवण्याची रीत सापडली, आणि १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या फेन्विक कंपनीने कार्बनचे रॉड विकायला काढले. कार्बनचा तंतू काचेच्या तंतूपेक्षा सुमारे तिप्पट ताठ आणि वजनाला जवळजवळ ३० टक्के हलका. म्हणून तितक्याच ताकदीचा रॉड कितीतरी बारीक आणि हलका करता येतो. कार्बनचं कापड राळेत भिजवून पोलादी सळईभोवती गुंडाळायचं, भट्टीत पक्कं करायचं आणि सळई काढून घ्यायची, ही कृती आता कोरियात आणि चीनमध्ये मोठ्या प्रमाणावर चालते. आराखडे अमेरिकेत होतात, गुंडाळणी तिथे. महागड्या रॉडमध्ये दहा-पंधरा वर्षांपूर्वी जे नवीन होतं, ते स्वस्त रॉडमध्ये उतरलेलं दिसतं. आजचा दीडशे डॉलरचा रॉड माझ्या मते १९८० च्या दशकातल्या उत्तम रॉडपेक्षा हातात सुखावह आहे.

मग हजार डॉलरच्या रॉडमध्ये जास्तीचं काय मिळतं? शेंड्याकडचं वजन कमी, त्यामुळे दिवसभर फेकून हात दुखत नाही. फेकल्यावर शेंडा थरथरत राहत नाही, लगेच स्थिर होतो, म्हणून लाईन सरळ जाते. लाईन ओवायच्या कड्या हलक्या, मुठीचा कॉर्क निवडक, रीळ बसवायची जागा सुंदर लाकडाची. हे सगळं खरं आहे, आणि ज्याची फेक आधीच पक्की झाली आहे त्याला ते कळतंही. नवशिक्याच्या फेकीतला दोष मात्र त्याच्या हातात असतो, रॉडमध्ये नसतो, आणि तो दोष हजार डॉलर लपवू शकत नाहीत.

नावं सांगायची तर अमेरिकी बाजारात ऑर्व्हिसचा क्लिअरवॉटर, रेडिंग्टनचा क्लासिक ट्राउट, टेंपल फोर्कचे सुरुवातीचे रॉड आणि टिम राजेफ यांच्या एको कंपनीचे स्वस्त रॉड हे गेली कित्येक वर्षं नवशिक्यांच्या हातात दिसतात. टेंपल फोर्कच्या अनेक रॉडांच्या आराखड्यात लेफ्टी क्रे यांचा हात होता. १९२५ ते २०१८ असं दीर्घ आयुष्य लाभलेल्या या शिक्षकाने असंख्य लोकांना फेकायला शिकवलं. यांतला क्लासिक ट्राउट सगळ्यात मऊ, शांत पाण्यावर छोट्या फ्लायसाठी फार गोड. क्लिअरवॉटर जरा ताठ आणि वाऱ्यात उपयोगी. खिसा अगदीच रिकामा असेल तर डेन्व्हरच्या राइट अँड मॅकगिल कंपनीचा ईगल क्लॉ फेदरलाइट हा पिवळा फायबरग्लास रॉड आहे. तो दिसायला साधा, लांबीला कमी, पण मऊ असल्याने फेकीची लय छान शिकवतो आणि या सगळ्यांत कितीतरी स्वस्त आहे.

जपानची तेंकारा ही आणखी एक वाट आहे. तीत रीळ नसतं. एकात एक सरकून मिटणाऱ्या लांब रॉडच्या शेंड्याला ठरावीक लांबीची लाईन बांधलेली असते. डोंगरातल्या छोट्या ओढ्यांवर ती विलक्षण परिणामकारक आहे आणि खर्चही थोडा. पाठीवर पिशवी घेऊन ट्रेक करणाऱ्याने तिचा विचार जरूर करावा. पण लांब फेक आणि हाताने लाईन सोडणं-ओढणं त्यात शिकता येत नाही, म्हणून मोठ्या नदीवर जायचं असेल तर सुरुवात रिळाच्या रॉडनेच करावी.

रॉडवरचा मजकूर वाचता आला पाहिजे. ५९०-४ असं काही लिहिलेलं असेल तर त्याचा अर्थ ५ नंबर, ९ फूट ० इंच, ४ तुकडे. चार तुकड्यांचा नऊ फुटी रॉड प्रत्येकी ६९ सेंटिमीटरच्या आसपास होतो आणि नळीसकट विमानात, बसमध्ये नेता येतो. दोन तुकड्यांचा थोडा स्वस्त मिळाला तरी भारतातून प्रवास करणाऱ्याने तो घेऊ नये. लाईनच्या खोक्यावर डब्ल्यूएफ-५-एफ असं छापलेलं असतं : पुढे वजन असलेली, ५ नंबर, तरंगणारी. पहिली लाईन हीच.

पैसे कुठे वाचवायचे आणि कुठे नाही, हा कळीचा मुद्दा. रीळ स्वस्त चालेल. ५ नंबरच्या रॉडवर ट्राउट धरताना रिळाचं मुख्य काम लाईन सांभाळणं हेच असतं. मासा बहुतेक वेळा हाताने लाईन ओढूनच आणला जातो. लाईनमध्ये मात्र काटकसर करू नये. स्वस्त संचात रॉड बरा असतो, पण बरोबरची लाईन पुष्कळदा कडक, गुंडाळीचे वळसे न सोडणारी असते, आणि तिच्यामुळे चांगला रॉडही मेल्यासारखा वाटतो. अशा संचावर चांगली लाईन चढवली की वेगळाच रॉड हातात आल्यासारखं वाटतं. लाईनच्या पुढे नऊ फुटांचा निमुळता होत जाणारा लीडर लागतो आणि त्याच्या टोकाला बारीक टिपेट. टिपेटची जाडी एक्सने सांगतात : ० एक्स म्हणजे ०.०११ इंच, आणि पुढचा प्रत्येक एक्स ०.००१ इंचाने बारीक. म्हणून ५ एक्स म्हणजे ०.००६ इंच, दीड-दशांश मिलिमीटर. छोट्या ट्राउट फ्लायना ४ किंवा ५ एक्स पुरतो.

जुना रॉड घ्यायला काहीच हरकत नाही, फक्त तपासून. जोडून त्याची लांबी मोजा; नऊ फुटांऐवजी पावणेनऊ भरली तर शेंडा कधीतरी तुटून पुन्हा कडी बसवलेली आहे. सगळ्या तुकड्यांवरून अंगठ्याचं नख फिरवा, कुठे खाच लागते का पाहा. जड मणी असलेली फ्लाय फेकताना रॉडवर आपटली की कार्बनला दिसणार नाही अशी इजा होते आणि तो पुढे तिथेच तुटतो. शेंड्याची कडी आणि मुठीजवळची मोठी कडी यांत लाईनने खोबण पडलेली असेल तर त्या बदलाव्या लागतील. जोड सैल असतील, फेकताना टकटक करत असतील, तर तो रॉड सोडून द्यावा.

माशाशी झुंजताना रॉड क्वचितच तुटतात. मोडतात ते गाडीच्या दारात, डिकीच्या झाकणाखाली आणि आपल्या घरात छताच्या पंख्यात. जोडलेला रॉड घरात आणू नका. मासा जवळ आल्यावर रॉड उभा धरून शेंडा मागे वळवू नका. सगळा ताण शेंड्याच्या बारीक भागावर येतो. अमेरिकेत बहुतेक कंपन्या मोडलेला तुकडा ठरावीक शुल्क घेऊन बदलून देतात, ऑर्व्हिस तर २५ वर्षांची हमी देते. भारतातून तो तुकडा पाठवणं आणि नवा मागवणं यात टपालखर्च आणि सीमाशुल्क इतकं होतं की हमीचा फायदा फारसा उरत नाही. इथे राहणाऱ्याने हमीपेक्षा जवळ दुरुस्ती करून देणारा कोणी आहे का, हे पाहावं.

जिवाशी गाठ असलेली एक गोष्ट मात्र विसरू नका. कार्बन विजेचा वाहक आहे. विजेच्या तारांखाली नऊ फुटी कार्बनचा रॉड उभा धरणं प्राणघातक ठरू शकतं, आणि आभाळात वीज चमकू लागली की रॉड खाली ठेवून पाण्यापासून दूर व्हावं. फेकताना टोपी आणि चष्मा हवाच. मागून येणाऱ्या गळाची दिशा नवशिक्याच्या ताब्यात नसते. गळाचा उलटा काटा पक्कडीने दाबून टाकला तर माशालाही इजा कमी होते आणि आपल्या कानात रुतला तर सहज निघतो.

एकूण पैसे चारशे डॉलर असतील तर दीडशे-दोनशेचा रॉड, साठ-सत्तरची लाईन, पन्नास-साठचं रीळ घ्या आणि उरलेल्यांत एखाद्या जाणत्या माणसाकडून फेकीचा एक धडा घ्या. अमेरिकेत अनेक दुकानं आणि मासेमार मंडळं असे धडे अल्प शुल्कात, काही ठिकाणी फुकटही देतात. त्यानंतर नदीवर धावू नका. फ्लायऐवजी टिपेटला लोकरीचा छोटा गोंडा बांधा, मैदानात किंवा बागेत गवतावर उभे राहा, आणि फेक मागे गेली की मान वळवून लाईन सरळ झाली का ते पाहा. रोज दहा-पंधरा मिनिटं पुरे. फक्त डांबरी किंवा सिमेंटच्या जागेवर हे करू नका. लाईनचं आवरण तिथे घासून जातं आणि नवी लाईन घ्यावी लागते.